धोक्याच्या हुकमावर सही कोणाची?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर भूगोल शिकवत राहिले. म्हणून विषय विचारला गेला तेव्हा मी ज्वालामुखी असं सांगून टाकलं. आता पडद्यावर लालभडक लाव्हा वाहताना दिसेल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती आत्ताच सोडून द्यावी. ज्या ज्वालामुखीबद्दल मी बोलणार आहे त्यानं १९८५ साली सुमारे २३ हजार माणसांचा बळी घेतला. ही माणसं लाव्ह्यात जळाली नाहीत. ती चिखलात गाडली गेली, डोंगराच्या माथ्यापासून कितीतरी दूर, आपापल्या घरात, रात्री साडेअकराच्या सुमारास. आणि तो चिखल वरून निघाल्यापासून त्यांच्या दारात येईपर्यंत जवळजवळ अडीच तास गेले होते. आजचं माझं बोलणं या अडीच तासांबद्दल आहे, आणि त्यांच्या आधी हातातून निसटलेल्या वर्षाबद्दल.

डोंगराचं नाव नेवादो देल रुईस. कोलंबिया देशात अँडीज पर्वताच्या मधल्या रांगेत तो उभा आहे, राजधानी बोगोतापासून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर. उंची साधारण ५,३०० मीटर. विषुववृत्त तिथून अगदी जवळ, तरी उंचीमुळे माथ्यावर बारा महिने बर्फ असतं. वायव्येला मानिसालेस हे कॉफीच्या मुलखातलं शहर. पूर्वेला डोंगर एकदम खाली उतरतो तो माग्दालेना नदीच्या खोऱ्यात, आणि तिथे हवा आपल्या खानदेशासारखी तापलेली. या सपाटीच्या तोंडाशी, जिथे लागुनिया नदी डोंगरातल्या अरुंद घळीतून बाहेर पडते, तिथे आर्मेरो नावाचं गाव होतं.

शाळेत आपण ज्वालामुखीचे दोन प्रकार पाठ केलेले असतात, भेगी आणि केंद्रीय. महाराष्ट्राची जमीन घडली ती पहिल्या प्रकारानं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, पातळ लाव्हा पसरत गेला, थरावर थर साचले आणि आपला काळा पाषाण तयार झाला. त्यामुळे ज्वालामुखी म्हटलं की आपल्या मनात लाव्हाच येतो. रुईसचा स्वभाव निराळा. तिथे पॅसिफिकच्या तळाची नाझ्का भूपट्टी दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकते आहे. खाली जाताना ती आपल्यासोबत पाणी घेऊन जाते, त्या पाण्यानं वरचा तापलेला खडक वितळू लागतो, आणि जो शिलारस वर येतो तो चिकट आणि वायूंनी भरलेला असतो. चिकट असल्यामुळे वायू सहज सुटत नाहीत. दाब साठत जातो आणि मग स्फोट होतो. कधी लाव्हा, कधी राख, कधी दगडधोंडे, असे थर बसत बसत उंच शंकू तयार होतो. भूशास्त्रज्ञ याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात.

रुईसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि खरी मेख तीच. विवराच्या भोवती बर्फाची टोपी आहे. स्फोटातून उसळलेली तप्त राख, वायू आणि दगडगोटे यांचे लोट या बर्फावरून धावतात, ते खरवडतात, त्यात मिसळतात आणि बघता बघता वितळवतात. ते पाणी घळींतून खाली सुटतं. वाटेत माती, राख, दरडींचे ढिगारे, झाडं, घराएवढे धोंडे, जे मिळेल ते उचलत जातं. स्लॅबच्या दिवशी मिक्सरमधून जे ओलं काँक्रीट पडतं ना, तसा तो माल असतो, फक्त नदीच्या मापाचा. तो जितका पुढे जातो तितका वाढतो. १९८५ साली वाटेतला गाळ घेत घेत हे लोंढे मूळ आकाराच्या चौपटीपर्यंत फुगले असा अंदाज आहे.

आता एक हिशोब बघा. १९८० साली अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स फुटला. त्याच्या तुलनेत रुईसमधून त्या रात्री बाहेर पडलेला माल सुमारे तीन टक्के होता. तीनच टक्के. माथ्यावरच्या बर्फातलं जेमतेम एक दशांश वितळलं. सेंट हेलेन्समध्ये ५७ माणसं गेली, इथे २३ हजार. विसाव्या शतकात ज्वालामुखीनं यापेक्षा जास्त माणसं एकदाच मारली, १९०२ साली मार्टिनिक बेटावरच्या माँ पेलेनं. म्हणजे उद्रेक लहान आणि संहार प्रचंड. या विसंगतीचं उत्तर डोंगरात सापडत नाही, त्यासाठी खाली गावात यावं लागतं.

आर्मेरोला डोंगरानं आधी दोनदा सांगून ठेवलेलं होतं. १५९५ साली रुईस फुटला आणि याच खोऱ्यांतून चिखल उतरला. सहाशेहून अधिक माणसं मेल्याची नोंद स्पॅनिश इतिहासकारानं केली आहे. पुढे १८४५ च्या फेब्रुवारीत लागुनियातून पुन्हा लोंढा आला आणि सुमारे हजार माणसं गेली. कर्नल होआकिन अकोस्ता या कोलंबियन अभ्यासकानं त्याचं वर्णन पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठवलं, ते छापूनही आलं. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अरुंद घळीतली सगळी वस्ती नष्ट झाली, पण खालच्या भागात जे लोक वेळेवर आडवे पळाले, बाजूच्या उंचवट्यावर चढले, ते वाचले. नदीच्या दिशेनं पळून उपयोग नाही, नदीला आडवं जायचं. एवढी एक ओळ गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असायला हवी होती.

झालं उलटंच. १८४५ चा चिखल सुकला आणि त्याची उत्तम सुपीक जमीन झाली. पन्नास वर्षांनी, १८९५ साली, तिथे गाव वसलं. आधी त्याचं नाव सान लोरेन्सो होतं, पुढे १९३० साली आर्मेरो झालं. कापूस आणि भात यांवर गाव गब्बर झालं. कापसामुळे त्याला पांढरं शहर म्हणत. १९८५ साली तिथे सुमारे २९ हजार माणसं राहत होती, बँका होत्या, दवाखाने होते, पिकांवर औषध फवारणारी छोटी विमानं होती. लोक मूर्ख होते असं कृपा करून समजू नका. ज्या गाळानं पूर्वीची माणसं गाडली त्याच गाळावर पुढच्यांची पोटं भरत होती, आणि मधे १४० वर्षं गेली होती. एवढ्या काळात नातवंडांची नातवंडं म्हातारी होतात.

आता त्या वर्षाकडे येतो. १९८४ च्या नोव्हेंबरपासून डोंगर धुमसू लागला. भूकंपाचे हलके धक्के, विवरातून वाढलेला धूर. कोलंबियाकडे त्या वेळी या डोंगरावर ठेवायला पुरेशी भूकंपमापकं नव्हती. ती मागवण्यात, परदेशी तज्ज्ञ बोलावण्यात, समित्या नेमण्यात १९८५ चा अर्धा काळ गेला. ११ सप्टेंबरला वाफेचा मोठा स्फोट झाला आणि असुफ्रादो नदीतून चिखलाचा लोंढा २७ किलोमीटरपर्यंत उतरला. ही असुफ्रादो पुढे लागुनियालाच मिळते, आर्मेरोच्या वर. रंगीत तालीम म्हणावी तशी ती होती.

त्यानंतर धावपळ झाली. ७ ऑक्टोबरला देशाच्या भूविज्ञान संस्थेनं धोक्याचा नकाशा मांडला. त्यात आर्मेरो चिखलाच्या वाटेत स्पष्ट दाखवलेलं होतं. उद्रेक झाला तर चिखलाचे लोंढे येण्याची शक्यता शंभर टक्के, असं सोबतच्या अहवालात म्हटलं होतं. नकाशा वर्तमानपत्रांतही आला. पण मानिसालेसच्या व्यापारी मंडळींनी नाराजी दाखवली, जमिनीचे भाव पडतील म्हणून. त्याआधी सप्टेंबरमध्ये काल्दास प्रांतातल्या एका लोकप्रतिनिधीनं संसदेत हा प्रश्न उठवला तेव्हा, तुम्ही उगाच घबराट पसरवता आहात, असं सरकारी बाकांवरून त्यांना ऐकवण्यात आलं. आर्मेरोचे नगराध्यक्ष रामोन रोद्रिगेस बिचारे वेगळ्याच धोक्याची दाद मागत फिरत होते. गावाच्या वर दरड कोसळून लागुनिया अडली होती आणि एल सिरपे इथे पाण्याचा मोठा साठा तयार झाला होता. तो फुटला तर काय, हा त्यांचा प्रश्न. उत्तर कोणी दिलं नाही. आणि नोव्हेंबरच्या ६ तारखेला बोगोतात बंडखोरांनी न्यायमंदिराचा ताबा घेतला, लष्कर आत घुसलं, न्यायाधीशांसह सुमारे शंभर माणसं मेली. सरकारचं लक्ष कुठे होतं हे वेगळं सांगायला नको.

१३ नोव्हेंबर १९८५, बुधवार. दुपारी तीन वाजून गेल्यावर विवरातून वाफ आणि राखेचा स्फोट झाला. पाचच्या सुमारास आर्मेरोत राख पडू लागली. आर्मेरो ज्या प्रांतात होतं त्याच्या राजधानीत, इबागेला, आपत्ती समितीची बैठक चालू होती, ती संध्याकाळी साडेसातपर्यंत चालली. गाव खाली करण्याची तयारी ठेवा असे निरोप निघाले. इकडे गावात लाउडस्पीकरवरून आणि रेडिओवरून सांगणं चालू होतं की घाबरू नका, घरात थांबा, राखेपासून नाकातोंडाला जपा. मग राख पडायची थांबली आणि पाऊस आला. पावसानं आणि ढगांनी डोंगर झाकला गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि जेवणं उरकून घेतली.

त्या संध्याकाळी भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक सहल आर्मेरोच्या हॉटेलात उतरली होती. गावात शिरताना त्यांच्या अंगावर राख पडत होती. ज्वालामुखी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तरीही रेडिओ शांत राहा म्हणतो आहे, गाव शांत आहे, तेव्हा तीही पोरं मुक्कामाला थांबली. त्यांच्यातली काही त्या रात्री गेली. वाचलेल्यांनी पुढे सगळं सांगितलं: दिवे गेले, लोक रस्त्यावर आले, अंधारात पाणी शिरलं, आणि मागून आलेल्या चिखलापुढे हॉटेलच्या काँक्रीटच्या भिंती कोसळल्या. ज्याला कळतं त्यालाही बाकीचे सगळे बसलेले असताना एकट्यानं उठणं किती जड जातं, ते या प्रसंगातून मला जितकं कळलं तितकं कुठल्या ग्रंथातून कळलं नाही.

रात्री नऊ वाजून आठ-नऊ मिनिटांनी खरा उद्रेक झाला. आर्मेरोत कोणाला तो दिसला नाही. वरच्या घळींत चिखल सुटला, आणि नदीच्या वळणावळणानं सुमारे ७४ किलोमीटर अंतर कापून, जवळजवळ पाच हजार मीटर खाली उतरून, साडेअकराच्या आसपास गावात घुसला. पुढे एल सिरपेचं ढकललेलं गार पाणी, मागे चिखलाची भिंत. घळीत ती कितीतरी मजले उंच होती. सपाटीवर पसरली तरी घरं उखडून नेण्याइतकी शिल्लक होती. नगराध्यक्ष हौशी रेडिओचालक होते. पाणी आलं तेव्हा ते बिनतारी संचावर दुसऱ्या गावाशी बोलत होते, आणि बोलणं मधेच तुटलं. गावातल्या तीन चतुर्थांश माणसांना त्या रात्री मरण आलं. डोंगराच्या पश्चिम अंगाला चिंचिना नदीच्या काठी आणखी सुमारे १,९०० माणसं मेली. सकाळी बाहेरच्या जगाला बातमी दिली ती पिकांवर फवारणी करणाऱ्या एका वैमानिकानं. वरून बघून त्यानं कळवलं की आर्मेरो दिसत नाही.

त्यानंतरचं सगळं तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. तेरा वर्षांची ओमाइरा सांचेझ, कोसळलेल्या घरात गळ्यापर्यंत पाण्यात अडकलेली, तीन दिवस तग धरून शेवटी गेलेली. फ्रांक फुर्निए यानं काढलेल्या तिच्या छायाचित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. त्या चित्रामुळे जगाला आर्मेरो कळलं हे खरं. पण माझी एक तक्रार आहे. ते चित्र बघून माणूस विचारतो की पंप वेळेवर का आला नाही. विचारायला हवं ते याच्या आधीचं. ती त्या रात्री त्या घरात होतीच कशी?

अमेरिकन शास्त्रज्ञ बॅरी व्होइट यांनी या सगळ्या घटनाक्रमाची १९९० साली बारकाईनं चिरफाड केली. त्यांच्या मते तंत्रज्ञान तोकडं पडलं नव्हतं आणि उद्रेकही फार मोठा नव्हता. माणसांच्या चुका साचत गेल्या, निर्णय लांबणीवर पडत गेले, सरकारी नजर आखूड होती. मला हे पटतं, पण यात एक प्रश्न आणखी उघडा करावासा वाटतो. त्या संध्याकाळी इबागेच्या बैठकीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पावसाच्या रात्री २९ हजार माणसांना घराबाहेर काढण्याच्या हुकमावर सही करायची आहे. शास्त्रज्ञ सांगतात की उद्रेक झाला तर चिखल नक्की, पण उद्रेक आज होईल की महिन्यानं हे नक्की नाही. समजा सही केली आणि काहीच घडलं नाही, तर उद्या सकाळी चोऱ्यांबद्दल, चेंगराचेंगरीबद्दल, बुडालेल्या धंद्याबद्दल सगळे त्याचंच नाव घेणार. सही केली नाही आणि अनर्थ झाला, तर ती निसर्गाची अवकृपा. आपल्याकडच्या कचेऱ्यांत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे गणित समजावून सांगायला नको. वरून लेखी येऊ द्या, मग बघू.

म्हणून माझं म्हणणं असं की इशारा हे शास्त्रज्ञाचं काम जितकं आहे तितकंच ते आधी ठरवून ठेवलेल्या सहीचं काम आहे. उठवलं आणि काही झालं नाही, तर उठवणाऱ्याला कोणी फासावर चढवणार नाही, आणि उठलेल्यांचं नुकसान कोण भरणार हे आजच ठरलेलं आहे, अशी व्यवस्था नसेल तर जगातला उत्तमातला उत्तम नकाशा कपाटात पडून राहतो. आर्मेरोत तो वर्तमानपत्रात छापूनही कपाटातच राहिला.

आर्मेरोनंतर काही गोष्टी बदलल्या. १९८६ साली मानिसालेसमध्ये वेधशाळा उभी राहिली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं, जिथे ज्वालामुखी जागा होईल तिथे उपकरणं घेऊन धावून जाणारं पथक तयार केलं. मोरीस आणि कातिया क्राफ्त हे फ्रेंच जोडपं आयुष्यभर उद्रेकांचं चित्रीकरण करत हिंडलं होतं. ज्वालामुखी नेमके कसे मारतात हे अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी एक चित्रफीत केली. १९९१ साली फिलिपिन्समध्ये पिनातुबो जागा झाला तेव्हा ती तिथल्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली गेली. एक ते पाच असे इशाऱ्याचे टप्पे आधीच ठरवून दिले होते. कोणत्या टप्प्याला कोण हलणार हेही ठरलं होतं. १५ जूनला पिनातुबो फुटला, रुईसच्या कितीतरी पट मोठा, आणि तरी हजारो माणसं वाचली. क्राफ्त जोडप्याला ते बघायला मिळालं नाही. त्याच्या बारा दिवस आधी, ३ जूनला, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तप्त लोटात दोघंही गेली.

आता शेवटी पुन्हा रुईसकडेच जातो, कारण तो काही निजलेला नाही. २०१२ साली त्यानं राख उडवली, मानिसालेसचा विमानतळ बंद ठेवावा लागला. पुढची वर्षं त्याची राखेची पिचकारी अधूनमधून चालूच आहे. २०२३ च्या मार्चअखेरीला मात्र विवराच्या बाजूला जमिनीखाली धक्क्यांचा सडा पडला, एका दिवसात दहा हजारांहून जास्त. ३० मार्चला इशारा पिवळ्यावरून नारिंगीवर नेला गेला. म्हणजे काही दिवसांत किंवा आठवड्यांत मोठा उद्रेक होऊ शकतो. या वेळी सरकारनं सही केली. डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांना खाली यायला सांगण्यात आलं.

आणि अनेकांनी नकार दिला. उंचावरचे हे शेतकरी बटाटा लावतात, गाई पाळतात. आम्ही खाली येतो, पण गुरांचं काय, धार कोण काढणार, असं त्यांनी विचारलं. टीव्हीवर बघून शहरातली माणसं त्यांना अडाणी म्हणत होती. मला ते अडाणी वाटत नाहीत. चार महिने दूध गेलं तर घर बसतं, हे त्यांना वेधशाळेतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. आर्मेरोत सहीची किंमत अधिकाऱ्याला परवडत नव्हती, इथे ती गोठ्याला परवडत नव्हती. उद्रेक झाला नाही. २७ जूनला इशारा पुन्हा पिवळ्यावर आला. गेलेले परतले, न गेलेले तिथेच होते. मग इशारा फुकट गेला का? तीन महिने जमीन खरोखरच हादरत होती, म्हणजे इशारा खोटा नव्हताच. पण पुढच्या नारिंगीला त्यातले किती जण उतरतील, हे धक्क्यांच्या आलेखावर कळणार नाही. ते दुधाच्या हिशोबावर ठरेल, आणि तो हिशोब डोंगर शांत असतानाच करून ठेवावा लागतो.

जाता जाता एका भ्रमाबद्दल. हवा तापते आहे, रुईसचं बर्फ आटत चाललं आहे, तेव्हा चिखलाचा धोकाही संपत आला, असं मला परदेशी राहणाऱ्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मोठ्या आनंदानं ऐकवलं. बर्फ आटतं आहे हे खरं. पण १९८५ साली त्याचा फक्त एक दशांश वितळला होता, म्हणजे एवढ्या संहाराला थोडं बर्फही पुरतं. आणि धोक्याच्या नव्या नकाशातही लागुनिया, असुफ्रादो, ग्वाली आणि चिंचिना या नद्यांची खोरी रंगवलेलीच आहेत. आर्मेरोची जागा आता मोकळी आहे, तिथे पडक्या भिंती आणि गवत. चिंचिनाचं खोरं मोकळं नाही.